पहिल्याच घोसाला बूड काळं: जुन्या वाणांच्या टोमॅटोचं नेमकं काय बिघडतं

वरून बघितलं तर फळात काही खोट नसते. हिरवंगार, लिंबाएवढं, देठापाशी गडद खांदे. कौतुकानं हातात धरून उलटं केलं की बुडाशी, जिथून फूल गळून गेलेलं असतं तिथे, रुपयाएवढा काळपट डाग दिसतो. बोटानं दाबला तर ओला लागत नाही, चामड्यासारखा चिवट लागतो. शेजारचं फळ उलटं करावं तर तिथेही तेच. अडीच महिने जपलेल्या झाडाचा पहिला घोस असा हातातून जातो तेव्हा जीव खरोखर हळहळतो.

पुण्यात गच्चीवर सात हिवाळे मी टोमॅटो लावते आहे. त्यातली पहिली चार वर्षं पहिला घोस असाच गेला. बागकाम करणाऱ्या मैत्रिणींकडून दर डिसेंबर-जानेवारीत हाच फोटो मला येतो आणि खाली हाच प्रश्न असतो: "कुठलं औषध मारू?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. औषध कुठलंच मारायचं नाही, हे आधीच सांगते. हा रोग नाही. यात बुरशी नाही, कीड नाही, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हे पसरतही नाही. इंग्रजीत याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. आमच्या सासरी, सासवडकडे, "बूड धरलं" म्हणतात.

माझ्याकडे लागतात ते सगळे बी धरता येणारे वाण, म्हणजे ज्यांचं बी राखून ठेवलं की पुढच्या वर्षी तोच वाण येतो. इटलीतल्या नेपल्सजवळचा लांबट सान मार्झानो, काळपट लाल ब्लॅक क्रिम, जांभळट चेरोकी पर्पल, आणि सासरहून आलेला बारीक, आंबट गावरान टोमॅटो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली आणि गावरान बियाणं हा विषय शहरातल्या गच्च्यांवरही बोलला जाऊ लागला, याचा मला फार आनंद आहे. पण या वाणांचे स्वभाव वेगवेगळे असतात. काळ्या बुडाच्या बाबतीत लांबट फळांचे वाण सगळ्यात नाजूक. माझ्याकडे सान मार्झानोची दहातली सहा-सात फळं गेली त्याच वर्षी, त्याच मातीत, दोन हातांवर असलेल्या गावरान टोमॅटोचं एकही फळ गेलं नाही. बारीक फळांच्या वाणांना हा त्रास सहसा होतच नाही.

पहिल्या वर्षी मी बुरशीनाशक फवारलं. डाग काळा होता, त्यावर नंतर मखमली बुरशीही आली होती, म्हणून तोच आजार समजले. ती बुरशी मेलेल्या भागावर मागाहून येते, कारण वेगळंच असतं. दुसऱ्या वर्षी कुठेतरी वाचलं की कॅल्शिअम कमी पडतं, म्हणून महिनाभर अंड्यांची टरफलं साठवून, मिक्सरमधून काढून झाडांच्या ग्रो-बॅगांमध्ये, म्हणजे माती भरायच्या पिशव्यांमध्ये, घातली. काही फरक नाही. उन्हाळ्यात बॅगा रिकाम्या केल्या तेव्हा टरफलांचे कण जसेच्या तसे निघाले. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शिअम कार्बोनेट. ते विरघळायला आम्लधर्मी माती लागते आणि वेळही भरपूर लागतो. तिसऱ्या वर्षी पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून घातला. त्यानं मात्र फरक पडला, पण नको तो. पंधरा दिवसांत शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मातीचा सामू (pH) वर गेला की लोह असूनही झाडाला घेता येत नाही, त्याची ती खूण. बुडं काळी पडायची थांबली नाहीतच.

चौथ्या वर्षी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गच्चीवर येऊन त्यांनी फळं उलटसुलट करून पाहिली, बॅगेत बोट घातलं आणि म्हणाल्या, "अगं, तान लागली की झाड आधी पानं जगवतं, पोरं मागनं. तुम्ही गावाला गेला होता ना मधी?" आम्ही खरंच चार दिवस गेलो होतो. शेजारची मुलगी पाणी घालून जात होती, पण शाळेच्या वेळा सांभाळून, एक दिवसाआड.

त्या एका वाक्यात सगळं उत्तर आहे, फक्त ते उलगडून घ्यावं लागतं.

मुळांनी घेतलेलं कॅल्शिअम पाण्याबरोबर वर चढतं. पाणी जिकडे जास्त ओढलं जातं तिकडे ते जातं. पानांमधून दिवसभर पाण्याची वाफ होत असते, त्यामुळे पानं पाणी जोरात ओढतात. फळाची साल मेणचट असते, तिच्यातून वाफ फारशी जात नाही, म्हणून फळाच्या वाट्याला पाण्याचा बारीकसा प्रवाह येतो आणि त्याच्याबरोबर थोडंसंच कॅल्शिअम. फळात शिरल्यावर देठापासून सगळ्यात लांबचं टोक म्हणजे बूड. मुळात थोडं, त्यात शेवटचा नंबर. माती दोन दिवस कोरडी पडली की आधीच बारीक असलेला हा प्रवाह आटतो. नेमकं त्याच वेळी फळ भराभर फुगत असेल, तर नव्या पेशींच्या भिंती बांधायला लागणारं कॅल्शिअम बुडापर्यंत पोचत नाही. भिंती कच्च्या राहतात आणि पेशी ढासळतात. आधी पाणचट डाग दिसतो, मग तो तपकिरी आणि शेवटी काळा पडतो. पानात जाऊन बसलेलं कॅल्शिअम परत फळाकडे वळत नाही. त्यामुळे पानांवर कॅल्शिअम फवारून बुडाला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

मातीत कॅल्शिअम भरपूर असतानाही हे घडतं. आपल्याकडे तर बहुतेक वेळा असंच असतं.

हे मी रंगीत धागे बांधून पडताळलं, आता त्या धाग्यांची गोष्ट. आई परत गेल्यावर मी एक वही घातली. रोज किती पाणी घातलं, ऊन कसं होतं, कुठला दिवस चुकला, एवढंच त्यात लिहायचं. आणि ज्या दिवशी फूल गळून आत वाटाण्याएवढं फळ दिसे, त्या दिवशी त्या घोसाला लोकरीचा धागा बांधायचा, दर आठवड्याला वेगळा रंग. जानेवारीत टाकी दुरुस्तीसाठी दोन दिवस गच्चीवरचं पाणी बंद राहिलं. त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी बुडं काळी दिसायला लागली, आणि ती सगळी पिवळ्या व हिरव्या धाग्यांच्या घोसांवर. म्हणजे पाणी बंद होतं तेव्हा जी फळं वाटाणा ते गोटी या आकाराची होती तीच गेली. लाल धाग्यांवरची फळं तेव्हाच लिंबाएवढी झालेली होती, ती सुखरूप राहिली. ज्या घोसांना त्या दिवसांत नुसती फुलं होती, तेही पुढे स्वच्छ आले.

ते पाहिल्यापासून काळं बूड दिसलं की मी त्या दिवशी काय चुकलं ते शोधत नाही. वहीत दोन आठवडे मागे जाते. प्रत्येक वेळी तिथे काहीतरी सापडतंच: लग्नाला गेलो होतो, आठवड्यातून एक दिवस पाणी येत नाही तो दिवस, किंवा थंडी जाऊन अचानक कोरडा वारा सुटलेला फेब्रुवारीतला आठवडा. तुमच्याकडे दरवर्षी होत असेल, तर आधी ही वही घाला. बाकीचे उपाय त्यानंतर.

"पण मी तर रोज पाणी घालते"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे, आणि बोलणारीचं खरंही असतं. रोज पाणी घालूनही माती कोरडी राहू शकते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की आकसतं आणि बॅगेच्या कडेपासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, बॅगेखालून वाहतं, आणि आपल्याला वाटतं की झालं भिजून. खुरप्यानं मधोमध चार इंच उकरून बघा. आतला गोळा कोरडा, फिकट निघाला तर पाणी पोचलेलंच नाही. अशी बॅग झारीनं अर्धा लिटर, दहा मिनिटं थांबून परत अर्धा लिटर, अशी चार-पाच वेळा भिजवावी लागते. नाहीतर ती मोठ्या घमेल्यात पाणी भरून तासभर उभी करायची.

मी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हातकाटा वापरते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आठ वाजता पाणी घालून निथळल्यावर चेरोकी पर्पलची 12 बाय 12 इंचांची बॅग 17.5 किलो भरली. दुपारी चार वाजता तीच 15.1 किलो. म्हणजे आठ तासांत जवळजवळ अडीच लिटर पाणी गेलं, आणि अशा बॅगेत मातीच मुळी मावते 22 लिटर. संध्याकाळी पानं माना टाकत नव्हती, म्हणून नुसतं बघून काहीच कळलं नसतं. त्या दिवसापासून फेब्रुवारीत मी सकाळ-संध्याकाळ असं दोनदा पाणी विभागून घालते.

बॅगेचा आकार हा इथला मोठा मुद्दा आहे. सान मार्झानो, ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल ही सगळी सतत वाढत राहणारी झाडं, सहा फुटांच्या वर सहज जातात. त्यांना 12 इंची बॅग पुरत नाही. 15 बाय 15 च्या बॅगेत 43 लिटर माती मावते, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि तेवढ्यानं एक चुकलेला दिवस निभावून जातो. गच्ची लहान असेल तर झाडं कमी लावा, पण बॅग मोठी घ्या. चार लहान बॅगांपेक्षा दोन मोठ्या बॅगांनी मला जास्त टोमॅटो दिले आहेत.

मातीवर आच्छादन हवंच. आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीतून मी उसाची चिपाडं आणते, दोन दिवस उन्हात वाळवते आणि तीन इंचांचा थर देते. खोडाला मात्र चिकटवत नाही, दोन बोटं जागा सोडते. चिपाडं गोड असतात म्हणून पहिल्या आठवड्यात मुंग्या येतात, वाळलेली असतील तर कमी. ज्यांना ते नको त्यांनी सुका पालापाचोळा घालावा. काळ्या बॅगेला बाहेरून बारदान गुंडाळलं आणि ती विटांवर ठेवली, तर सिमेंटच्या तापलेल्या गच्चीची धगही मुळांना कमी लागते. दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल तर मोठ्या बॅगेत मुळं फुटायच्या आधीच, म्हणजे रोप लावतानाच, बिनरंगाचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवा. भरून झाकण घातलं की त्यातून पाणी झिरपत राहतं. झाड मोठं झाल्यावर मडकं पुरायला जाऊ नका, मुळं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांमुळेही बूड काळं पडतं.

कॅल्शिअम खरंच कमी असतं का?

दख्खनच्या काळ्या मातीत सहसा नाही. बेसाल्टपासून बनलेली ही माती चुन्यानं भरलेली असते, शेतात चुनखडीचे खडे सापडतात ते त्याचेच. बॅगेत तुम्ही अशी माती वापरत असाल तर चिमूटभर सुक्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक फसफस झाली तर तिच्यात चुना पुष्कळ आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोही बहुतांशी कॅल्शिअमच. अशा ठिकाणी चुना किंवा टरफलं घालणं वायाच जातं, शिवाय माझ्यासारखी पानं पिवळी पडायची भीती.

कोकणात आणि गोव्यात गोष्ट वेगळी. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, पावसानं धुतलेली. तिथे लावणीच्या महिनाभर आधी थोडा शेतीचा चुना मिसळणं खरंच उपयोगी पडतं, फक्त आधी माती तपासून घ्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे शहरातल्या गच्चीवरचं निव्वळ कोकोपीट आणि गांडूळ खत. इथे कॅल्शिअमचा प्रश्न खरा असू शकतो. कोकोपीटमध्ये पोटॅशिअम आणि सोडिअम भरपूर असतं, आणि ते बाहेरून मिळणारं कॅल्शिअम स्वतःकडे धरून ठेवतं. कोकोपीटची वीट नुसती पाण्यात फुलवून वापरू नका. दोन-तीनदा चांगली धुवा, मग कॅल्शिअम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि निथळून घ्या. मी दहा लिटरला वीस ग्रॅम घेते. पुढे फळधारणा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम, तेही मुळाशी, पानांवर नाही. कॅल्शिअम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांबरोबर एकाच बादलीत कालवू नका, खाली साका बसतो आणि दोन्ही खतं वाया जातात. रासायनिक नको असेल तर जिप्सम, हे कॅल्शिअमचंच खनिज, आहे. त्यानं सामू वर जात नाही आणि ते टरफलांपेक्षा पुष्कळ लवकर विरघळतं.

खताचा अतिरेकही बुडावर निघतो. फुलं लागल्यावर युरिया, कच्चं कोंबडीखत किंवा दाट शेणस्लरी घातली तर त्यातलं अमोनिअम कॅल्शिअमच्या आड येतं, शिवाय पानं भसाभस वाढून सगळं पाणी ओढून घेतात. झाड गर्द, जाड, काळपट हिरवं दिसत असेल आणि बुडं काळी पडत असतील, तर महिनाभर खताला हात लावू नका.

दुसरंच काहीतरी असेल तर

सगळेच डाग हे नव्हेत, म्हणून फळ नीट बघा. भोक आणि त्यात विष्ठा दिसली तर फळ पोखरणारी अळी. उन्हाकडच्या बाजूला कागदासारखा पांढरट चट्टा असेल तर ते ऊन लागलेलं असतं, बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, जरा जास्तच काढल्या की होतं. डाग खांद्याकडून सुरू झालेला, तेलकट तपकिरी, आणि पानंही करपलेली असतील तर तो करपा. तो मात्र पसरतो, आणि तिथे थांबून चालत नाही. चेरोकी पर्पलसारख्या मोठ्या फळांच्या बुडाशी कधीकधी वेडेवाकडे, सुकलेले, खरखरीत व्रण दिसतात. ती थंडीत उमललेल्या फुलांची खूण, फळ बिनधास्त खा.

हाच काळ्या बुडाचा त्रास ढोबळी मिरचीला होतो आणि कलिंगडालाही. दुधीचं मात्र जपून ठरवा. बोटाएवढी दुधी टोकाकडून पिवळी पडून कुजत असेल तर बहुधा परागीभवनच झालेलं नाही. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा, आठवड्यात फरक दिसेल.

काळं बूड असलेली फळं झाडावर ठेवू नका, ती सुधारत नाहीत आणि उगाच झाडाचं अन्न खातात. लवकर काढा. बुरशी आलेली नसेल तर काळा भाग सढळ हातानं कापून टाकला की उरलेलं फळ चांगलं असतं. आमच्याकडे अशा हिरव्या टोमॅटोची तीळ, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून चटणी होते, जानेवारीत दर आठवड्याला. बियांबद्दलही मनात भीती धरू नका. हा दोष बियांतून पुढे जात नाही. पिकलेल्या फळाचं बूड गेलं असेल तरी वरच्या भागातलं बी धरता येतं, नेहमीसारखं दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून. माझ्या ब्लॅक क्रिमचं आत्ताचं बी अशाच एका अर्ध्या गेलेल्या फळातलं आहे.

शेवटची गोष्ट धीराची. पाणी आज सुधारलंत तरी पुढचे दोन आठवडे काळी बुडं दिसतच राहतील, कारण ती फळं आधीच बिघडलेली आहेत, फक्त अजून दिसलेली नाहीत. इथेच बहुतेक जणी घाबरतात आणि रोज नवीन काहीतरी घालत सुटतात. ज्या दिवशी पाणी सुधारलंत त्या दिवशी वाटाण्याएवढ्या असलेल्या घोसाला एक धागा बांधा आणि निकाल त्या धाग्यापासून पुढे मोजा. यंदा माझ्या सान मार्झानोच्या पहिल्या घोसात सहा फळं होती, त्यातली दोन गेली. निळा धागा तिसऱ्या घोसाला होता. त्यातली सातही फळं काल संध्याकाळी उलटी करून पाहिली, बुडं स्वच्छ हिरवी आहेत.